उल्लचं शेत

ऑस्लोच्या मुख्य विमानतळावर उतरलेला प्रवासी पासपोर्ट दाखवतो, बॅग ओढत बाहेर पडतो आणि गाडी पकडून शहराकडे निघतो. विमानतळ ज्या नगरपालिकेच्या हद्दीत आहे तिचं नाव उल्लेनसाकर, हे त्याच्या लक्षातही येत नाही. त्या नावातला ‘आकर’ म्हणजे शेत, रान. आधीचा भाग एका देवाचा. कोणे एके काळी इथे देवाच्या नावाने राखलेलं एक शेत होतं. शेतावरून गावाला नाव पडलं, गावावरून परगण्याला. आता तिथे धावपट्ट्या आहेत. देव मात्र नावात तसाच राहिला आहे.

या देवाचं नाव उल्ल. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, त्याला उल्लर म्हणत, पण शेवटचा ‘र’ प्रथमा विभक्तीचा. आपल्याकडे ‘देवः’ मधला विसर्ग जे काम करतो तेच तो तिकडे करतो, आणि दोघांचं मूळही एकच. म्हणून मी उल्लच म्हणतो.

थोर आणि लोकी आज आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहेत. थोरचा हातोडा खेळण्यांच्या दुकानात मिळतो. लोकीच्या कपटांवर तर मालिका निघाल्या. उल्ल कुणाला माहीत नाही, आणि त्यात पोरांचा दोष नाही. नॉर्स देवांबद्दल जगाला जे माहीत आहे ते बहुतेक एकाच माणसाकडून आलं आहे. तो आइसलँडचा स्नोरी स्टुर्लुसोन. त्याने साधारण १२२० च्या सुमारास कवींसाठी एक पाठ्यपुस्तक लिहिलं, तीच गद्य एड्डा. त्यात उल्लच्या वाट्याला जेमतेम पाच ओळी आल्या आहेत. तो थोरच्या बायकोचा, सिफचा मुलगा, म्हणजे थोरचा सावत्र मुलगा. धनुर्धारी असा, आणि लाकडी पट्ट्यांवरून बर्फात असा घसरत जाणारा, की त्याच्याशी स्पर्धा कुणी करू नये. दिसायला देखणा, अंगात लढवय्याचे गुण. द्वंद्वयुद्धाला उभं राहायचं असेल तर त्याला हाक मारावी. एवढंच. बापाचं नाव नाही, बायको नाही, पराक्रमाची एकही गोष्ट नाही. डेन्मार्कचा इतिहासकार सॅक्सो ग्रामॅटिकस त्याच्याबद्दल थोडं अधिक सांगतो. देवांचा राजा ओडिन याला हद्दपार केलं तेव्हा ओल्लेरस (उल्लचंच लॅटिन रूप) नावाच्या एकाने त्याच्या जागी दहा वर्षं राज्य केलं, आणि मंत्र कोरलेल्या हाडावर बसून तो समुद्र ओलांडत असे. पण सॅक्सोच्या लेखी तो देव नाही, एक हुशार जादूगार आहे.

पुस्तकांवरून ठरवायचं तर उल्ल म्हणजे नाटकातला तिसरा शिपाई. रंगमंचावर येतो, धनुष्य दाखवतो आणि जातो.

आता पुस्तक मिटून नकाशा उघडू. स्वीडनमध्ये उप्सालाजवळ उल्तुना आहे. तिथे आज देशाचं कृषी विद्यापीठ आहे. त्याच्या शेजारी उल्लेरोकर, म्हणजे पुन्हा उल्लचं शेत. मेलारेन सरोवराच्या आसपास उल्लेवी हे नाव एकाहून अधिक ठिकाणी येतं. ‘वी’ म्हणजे पवित्र जागा, आपल्या भाषेत ठाणं म्हणा. नॉर्वेच्या दक्षिण-पूर्व भागात उल्लची आणि उल्लिनची नावं पसरलेली आहेत. गुडब्रान्सडालमध्ये वोगो इथल्या जुन्या पाद्र्याच्या वाड्याचं नाव उल्लिन्सविन. ‘विन’ म्हणजे कुरण. उल्लिन हे उल्लचंच दुसरं रूप की सख्खा भाऊ, यावर पंडित अजून भांडतात. पण गंमत अशी, की उल्लिन हे नाव एकाही जुन्या काव्यात, गद्यात किंवा कथेत येत नाही. उल्लेनसाकरचं मूळ रूप उल्लिन्साकर. म्हणजे ज्या देवाच्या नावाने हा परगणा ओळखला जातो, तो स्थलनामं नसती तर जगाच्या स्मरणातून पूर्ण पुसला गेला असता.

उलट लोकीचं बघा. कथांमध्ये पानोपानी लोकी. पण त्याच्या पूजेचा निर्विवाद पुरावा म्हणावं असं एकही स्थलनाम अभ्यासकांना सापडलेलं नाही. ज्याच्या गोष्टी सांगत शेकोटीभोवती रात्र सरायची, त्याच्या नावाने शेत राखायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. आणि ज्याला शेत दिलं, कुरण दिलं, ठाणं दिलं, त्याची एकही गोष्ट उरली नाही.

गोष्ट आणि भक्ती या दोन वेगळ्या चिजा आहेत, हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज पडू नये. नारदाच्या कथा आपल्याकडे ढीगभर आहेत. नारदाच्या नावाने नवस किती जण बोलतात? आणि ज्या म्हसोबाला दर अमावास्येला नारळ फुटतो, त्याचं पुराण कुणी वाचलं आहे?

उल्लच्या बाबतीत मात्र मामला एवढ्यावर थांबत नाही. पुस्तकातला उल्ल बर्फाचा आहे, धनुष्य आणि शिकारीचा. नकाशावरचा उल्ल शेताचा, कुरणाचा आणि वस्तीचा आहे. हे ‘आकर’ म्हणजे नुसतं पिकाचं रान की पूजेसाठी राखलेलं रान, यावर मतभेद आहेत. पण तो बर्फाचा उतार नव्हता एवढं नक्की. म्हणजे स्नोरीने या देवाला फक्त त्रोटक केलं नाही, त्याचं अर्धं काम गाळून टाकलं. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिज गावात १९६३ पासून दर हिवाळ्यात उल्लच्या नावाने उत्सव होतो. लोक शिंगांची शिरस्त्राणं घालून भरपूर बर्फ पडू दे म्हणून साकडं घालतात. शिंगांचा आणि व्हायकिंगांचा काही संबंध नाही. ती शिंगं १८७६ च्या बायरॉइथमधल्या एका ऑपेराच्या कपडेपटातून लोकप्रिय झाली. पण उत्सवाला माझी हरकत नाही. हरकत असलीच तर एवढीच, की त्या उत्सवातला देव सगळा पुस्तकातला आहे. शेतातला उल्ल तिथे फिरकतच नाही.

स्नोरीला दोष देऊन चालणार नाही. त्याने हातातलं होतं ते लिहिलं. आइसलँडमध्ये वस्ती झाली नवव्या शतकाच्या शेवटी, आणि वस्ती करणारे बहुतेक पश्चिम नॉर्वेचे. उल्लची गावं मुख्यतः पूर्वेकडे आणि स्वीडनमध्ये. आइसलँडमध्ये उल्लचं गाव नाही, डेन्मार्कमध्ये नाही. देश ख्रिस्ती होऊन दोनशे वर्षं उलटल्यावर, समुद्रापलीकडे बसून, कवितेच्या गरजेपुरतं एकाने लिहिलं. त्याला जे कळलं नाही ते त्याने लिहिलं नाही. चूक झाली ती पुढच्यांची. लिहिलं तेवढंच होतं असं त्यांनी धरून चाललं.

आणि उल्ल खरोखर मोठा होता, याच्या खुणा पुस्तकांतही लपलेल्या आहेत. ग्रिम्निस्माल या कवितेत आगीतून सोडवणाऱ्याला आशीर्वाद दिला जातो, त्यात शब्द येतात ‘उल्लची आणि सगळ्या देवांची कृपा’. सगळ्या देवांच्या आधी, वेगळं नाव घेऊन, उल्ल. अत्लाक्विदा या त्याहून जुन्या मानल्या जाणाऱ्या काव्यात ‘उल्लच्या कड्यावर’ घेतलेल्या शपथेचा उल्लेख आहे. शतकानुशतकं या ओळीकडे बघून विद्वान डोकं खाजवत राहिले. कसलं कडं? मग २००७ साली स्टॉकहोमच्या वायव्येला ब्रू इथल्या लिल्ला उल्लेवी या जागी उत्खनन झालं. ‘धाकटं उल्लेवी’ हे तिचं पिढ्यानपिढ्यांचं नाव. खाली दगडांची रचना निघाली, खांबांच्या खुणा निघाल्या, आणि लोखंडाची लहान लहान कडी, एकूण ६५. काळ साधारण सातवं-आठवं शतक. नाव ‘ठाणं’ म्हणत होतं, जमिनीत ठाणं होतं. कविता ‘कडं’ म्हणत होती, जमिनीत कडी होती. या प्रत्येक कड्यावर शपथ घेतली गेली होती असं कुणी म्हणत नाही. पण बाराशे-तेराशे वर्षं एका जागेचं नाव खरं बोलत राहिलं, आणि ती जागा उकरणाऱ्यांना ते आधीच सांगून बसलं होतं.

उत्तर जर्मनीत थोर्सबेर्गच्या दलदलीत तलवारीच्या म्यानाचं एक टोक सापडलं. काळ इसवी सन २०० च्या आसपास. त्यावरच्या रुनी, म्हणजे उत्तरेकडच्या जुन्या लिपीतल्या, अक्षरांचा क्रम जरा उलटसुलट आहे, पण बहुतेक अभ्यासक ती वोल्थुथेवाझ अशी वाचतात, म्हणजे वोल्थुचा सेवक. वोल्थु हे उल्लच्या नावाचंच जुनं रूप. हे वाचन धरलं तर स्नोरीच्या हजार वर्षं आधी कुणीतरी स्वतःला उल्लचा सेवक म्हणवत होता, आणि ते त्याने तलवारीच्या म्यानावर मिरवलं.

मग सार्वजनिक प्रश्न हा, की कुठल्या नोंदी जपायच्या हे ठरवताना आपण पुस्तकांना जेवढं मानतो, तेवढं या छोट्या नावांना मानतो का? माझं म्हणणं स्पष्ट आहे. शेताचं नाव, ओढ्याचं नाव, टेकडीचं नाव हे दस्तऐवज आहेत. ते कुणी लिहिले नाहीत, म्हणून त्यांत कुणाचा स्वार्थही शिरलेला नाही. आणि दस्तऐवज जपायचं काम सरकारचं आहे. नुसत्या हौशी लोकांवर ते सोडता येत नाही.

नॉर्वेने हे ओळखलं, आणि ओळखण्याचं कारण फार काव्यमय नव्हतं. ते करवसुलीचं होतं. १८७८ साली जमीन महसुलाच्या नव्या नोंदवहीत शेतघरांच्या नावांचं लेखन शुद्ध करायला एक समिती नेमली गेली. त्यात पुरातत्त्वाचे प्राध्यापक ओलुफ रिघ होते. शुद्ध करायचं तर आधी मूळ काय ते बघायला हवं. म्हणून त्यांनी मध्ययुगीन कागद धुंडाळले, जुन्या सारा-वसुलीच्या याद्या चाळल्या. नुसतं लिहिलेलं न बघता गावचे लोक ते नाव कसं उच्चारतात याचीही नोंद केली. त्यातून ‘नॉर्वेतील शेतघरांची नावं’ हा ग्रंथसंग्रह उभा राहिला. १८९७ पासून खंड निघू लागले. रिघ दोन वर्षांनी गेले, काम इतरांनी पुढे नेलं आणि ते १९३६ पर्यंत चाललं. या मालमत्तेवर बसूनच १९१५ साली मॅग्नुस ओल्सेन यांनी नॉर्वेच्या स्थलनामांतून मूर्तिपूजक काळाचा धर्म उभा केला. उल्लला परत उठवलं ते या लोकांनी. कुणाला कवितेचं नवं हस्तलिखित सापडलं नव्हतं, कारकुनी वह्या सापडल्या होत्या.

पुढे १९९० मध्ये नॉर्वेने स्थलनामांचा कायदा केला. त्याच्या पहिल्याच कलमात स्थलनामांना सांस्कृतिक वारसा म्हटलं आहे, आणि त्यांना असं लिखित रूप द्यावं म्हटलं आहे की अर्थ झाकला जाणार नाही. हा शेवटचा भाग मला फार आवडतो. अर्थ झाकणारं लेखन करू नका, असं कायदा सांगतो.

यावर आक्षेप येतात, आणि ते फालतू नाहीत. पहिला असा, की नावं फसवतात. ‘उल’ हा शब्द स्वीडिश आणि नॉर्वेजियन दोन्ही भाषांत लोकर या अर्थाने आहे. उल्ल दिसलं की देव दिसणारा माणूस मेंढवाड्यालाही देऊळ म्हणून बसेल. अगदी खरं. म्हणूनच जुनी लेखनं आणि गावचा उच्चार लागतो. म्हणजे नावं फसवतात यावरचा उपाय नावं अधिक काळजीने जपणं हाच आहे, सोडून देणं नव्हे. आज बिघडवून लिहिलेलं नाव उद्याच्या संशोधकाला खोटी साक्ष देईल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. सगळीच नावं जपण्याच्या लायकीची नसतात. महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं, आणि ते योग्य केलं. कुणाच्या पत्त्यात अपमान लिहिलेला असेल तर वारसा म्हणून तो त्याने वागवत बसावा, असं म्हणणारा माणूस स्वतः त्या पत्त्यावर राहत नसतो. पण पाटीवरून काढणं वेगळं आणि दफ्तरातून नाहीसं करणं वेगळं. पाटी बदला, आणि जुनं नाव केव्हापासून केव्हापर्यंत होतं ते तारखेसह नोंदवून ठेवा. अन्याय झाला होता, याचाही तो पुरावा आहे. पुरावा नष्ट झाला तर फायदा अन्याय करणाऱ्याचाच.

तिसरा आक्षेप आपल्याच बाजूने येतो. शहरांच्या नामांतरांवर एवढा गदारोळ झाला, आणखी नावांचं राजकारण कशाला? मला हे उलटं वाटतं. मोठ्या नावांवर भांडायला माणसं मिळतात, वकील मिळतात, न्यायालयाच्या तारखा मिळतात. ती नावं कुठल्याही बाजूने निकाल लागला तरी इतिहासातून जात नाहीत, कारण हजार ठिकाणी छापलेली असतात. जातात ती गावच्या शिवारातली. त्यांच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही, आणि ती गेली हे कळायलाही एक पिढी लागते.

दामोदर कोसंबी पुण्यात राहून गणित करत होते, आणि त्याच वेळी डोंगराडोंगरांतून हिंडून बोल्हाई, तुकाई, म्हातोबा यांची ठाणी नोंदवत होते. १९६२ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी या ठाण्यांवरून जुन्या वाटा आणि वाटांचे तिठे ओळखायचा प्रयत्न केला. पोथीत नसलेल्या देवतांना त्यांनी साक्षीदार म्हणून उभं केलं. सगळ्याच निष्कर्षांवर एकमत होणार नाही, पण दिशा तीच होती, जी तिकडे ओल्सेन यांची. ते कोसंबींना जमलं, कारण ठाणी आणि नावं तेव्हा शिल्लक होती.

आपल्याकडे या कामासाठी नवी यंत्रणाही लागणार नाही. ती आहे, फक्त रिकामी पडली आहे. सातबारा उताऱ्यावर वरच्या बाजूला एक रकाना असतो, ‘शेताचे स्थानिक नाव’. हा रकाना ज्याने कुणी आखला त्याला माझा साष्टांग नमस्कार. रिघ यांच्या वहीत जे होतं तेच हे. पण १९४७ च्या तुकडेजोड कायद्यानंतर जमिनी एकत्र झाल्या, गट नंबर पडले, आणि माणसं नंबराने बोलायला लागली. पुढे उतारे संगणकावर चढले.

आमच्या घरच्या एका रानाला वडील ‘आसरेची पट्टी’ म्हणतात. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बायका, डोहाकाठी शेंदूर लावलेले सात गोटे. तिथे आज डोह नाही. ओढा वर बांधलेल्या बंधाऱ्याने अडला आहे, आणि गोटे बांध घालताना कुठे गेले कुणाला माहीत नाही. पण वडिलांच्या तोंडून ‘उद्या आसरेत नांगर घालायचाय’ असं येतं, तेव्हा त्या वाक्यात एक बाराही महिने पाणी असलेला डोह असतो. मागच्या वर्षी कर्जासाठी ऑनलाइन उतारा काढला. गट नंबर बरोबर, क्षेत्र बरोबर, आकार बरोबर. ‘शेताचे स्थानिक नाव’ यापुढे काहीच नाही. आजोबांच्या काळचा हाताने लिहिलेला उतारा ट्रंकेत होता, तो काढला. त्यावर शाईने लिहिलं होतं, ‘आसरा’. चढवणाऱ्याने गाळलं. त्याच्यावर राग नाही, त्याला दिवसाला किती उतारे चढवायचे असतील ते त्याचं त्याला माहीत. पण मला तेव्हा स्नोरीच आठवला. त्यानेही त्याच्या कामापुरतंच लिहिलं होतं.

आणि जी नावं लिहिली जातात त्यांचं काय होतं? ती आधी इंग्रजीत जातात आणि मग यंत्राने मराठीत परत येतात. जाताना ळ जातो, येताना ल येतो. वेताळ टेकडी फोनवरच्या नकाशात ‘वेताल’ झाली तर एक पिढी ती तशीच वाचेल, आणि पुढची पिढी ताल-सुरांशी तिचा संबंध जोडेल. अर्थ झाकणारं लेखन म्हणतात ते हेच. नॉर्वेत याला कायद्याने आडकाठी आहे. आपल्याकडे याला टंकलेखनाची चूक म्हणतात.

करायचं काय, ते अवघड नाही. तलाठ्याने सातबाऱ्याचा तो रकाना भरावा, निदान जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर जे आहे ते तरी उतरवून घ्यावं. गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांना विचारावं, आणि उच्चार फोनवर रेकॉर्ड करावा. शाळेतली पोरं हे एका दिवाळीच्या सुट्टीत करतील. ग्रामसभेने यादी मंजूर करावी, म्हणजे तिला सरकारी वजन येईल. आणि नवीन वसाहतीला नाव देताना त्या जागेचं जुनं नाव आधी शोधायचं बंधन असावं. मग बिल्डरला ‘हिलव्ह्यू’ ठेवायचंच असेल तर खुशाल ठेवावं, पण खाली कंसात ‘म्हसोबाचा माळ’ लिहून.

मी आमच्या शिवारापुरतं सुरू केलं आहे. ऑनलाइन उताऱ्याच्या पाठीमागे पेन्सिलीने नावं लिहितो आहे. आसरेची पट्टी झाली, गवळदरा झाला, मधला मळा, सटवाईचं टेपाड. ओढ्यापलीकडच्या रानाला सगळे ‘घोडकी’ म्हणतात. शेजारचे नाना म्हणाले, तिथे पेशव्यांची घोडी चरायची. त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या असलेल्या आत्या म्हणाल्या, पेशवे कशाला इकडे येतायत, तिथे घोडदेवाला मातीची घोडी वाहायचे, मी स्वतः वाहिलंय. दोघंही ठाम आहेत. सध्या मी ‘घोडकी’ लिहून पुढे दोन्ही कारणं आणि दोघांची नावं लिहिली आहेत, आणि जुन्या दफ्तरात काही सापडतंय का ते बघायला मोडी वाचणारा माणूस शोधतो आहे.